दाढीचा साबण : आधी फेस, मग वास



दाढीचा साबण हा काय लिहिण्याचा विषय झाला, असे काही वाचक म्हणतील. समाजापुढे शिक्षणाचे, नोकरीचे, जमिनीचे प्रश्न उभे असताना आम्ही वाटी आणि ब्रश घेऊन बसलो, याचे कुणाला हसूही येईल. परंतु ज्या माणसाच्या चेहऱ्याला एके काळी गावचा वस्तरा लागत नव्हता, त्याने आज आपल्या चेहऱ्याला काय लावावे, हा विषय आम्हांला क्षुल्लक वाटत नाही. शिवाय या साबणात आता आपल्या काही भगिनींचे कर्जाचे पैसे जाऊ पाहत आहेत. म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे.

आधी थोडा इतिहास. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या काही आठवणी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने इंग्रजीत लिहून ठेवल्या होत्या. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्या १९९० साली पुस्तिकेच्या रूपाने छापल्या. साताऱ्याच्या बालपणाविषयी बाबासाहेब त्यांत सांगतात, की गावात न्हावी पुष्कळ होते, त्यांना द्यायला घरात पैसेही होते, पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला कोणी तयार नव्हते. ते काम घरी थोरली बहीण करी आणि भावंडांचे केस कापून कापून ती त्यात तरबेज झाली होती. आमच्या माढा भागातल्या वस्त्यांतही वडीलधारी माणसे अशाच गोष्टी सांगतात. वस्तीतलाच एखादा हाताचा हलका माणूस सगळ्यांच्या दाढ्या उरके. साबण असला तर कपड्याचा, नाहीतर नुसते पाणी.

यात सगळा दोष न्हावी बांधवांचा होता असे मात्र आम्ही म्हणणार नाही. त्यांचे पोट गावाच्या बलुत्यावर होते. आमच्या गालाला हात लावला असता तर गावाने त्यांनाही वाळीत टाकले असते. त्याच समाजातल्या कारागिरांनी १८९० च्या सुमारास मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही असा निर्धार केला, हेही विसरता येत नाही. आणि भगवान बुद्धांच्या संघात विनयाचा सर्वांत मोठा जाणकार मानला गेलेला उपाली हा मूळचा शाक्यांचा न्हावीच होता. भिक्खूजवळ असाव्यात अशा ज्या आठ वस्तू सांगितल्या आहेत, त्यांत चीवर आणि भिक्षापात्राबरोबर वस्तराही आहे. तेव्हा वस्तरा हलका नाही आणि वस्तरा धरणारा हातही हलका नाही. हलकी होती ती रूढी. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने अशी सेवा नाकारणे हा गुन्हा ठरवला, तरी अधूनमधून कुठल्या तरी गावची तशी बातमी आजही छापून येते.

या रूढीला बगल देऊन आमच्या माणसाला आरशासमोर उभे केले ते सेफ्टी रेझरने. अमेरिकेत किंग जिलेट या गृहस्थांनी १९०१ साली कंपनी काढली आणि १९०४ साली त्यांना फेकून देण्याच्या पात्याच्या रेझरचे पेटंट मिळाले. पुढे पाती आपल्याकडेही स्वस्त झाली. गिरणी, रेल्वे आणि पलटणीत गेलेली आपली माणसे सुट्टीवर येताना पेटीत रेझर, ब्रश आणि साबणाची वडी घेऊन येऊ लागली. कुणाची मिनतवारी नाही, कुणी हात मागे घेतल्याचा अपमान नाही. दाढी घोटून, स्वच्छ सदरा घालून बाहेर पडणे ही आपल्या वडिलांच्या पिढीत नुसती हौस नव्हती.

आता साबणाकडे वळू. दाढीच्या साबणाची गोल वडी डबीत किंवा वाटीत ठेवायची, ओला ब्रश तिच्यावर फिरवायचा आणि फेस काढायचा, ही जुनी रीत. नंतर क्रीमची ट्यूब आली आणि वडी मागे पडली. त्यानंतर डब्यातून फसफसून येणारा फोम आणि जेल आले. गेल्या काही वर्षांत मात्र शहरांतून वडी पुन्हा आली आहे आणि ती हाताने बनवलेली, सुगंधी, पत्र्याच्या देखण्या डबीत आली आहे. खस, चंदन, मोगरा, केवडा असे वास तिला असतात. किंमत ट्यूबच्या तिपटी-चौपटीने. पुण्या-मुंबईची तरुण मुले हौसेने ती घेतात.

हे ऐकून आमच्या तालुक्यातल्या एका महिला बचत गटातील पाच भगिनींच्या मनात आले, की अंगाचा साबण तर सगळेच गट करतात, आपण दाढीचा सुगंधी साबण करावा. त्यांनी दोन दिवसांचे प्रशिक्षण घेतले, नमुन्याच्या वड्या पाडल्या आणि कर्जाच्या अर्जाचे कागद आमच्याकडे आणले. आम्ही पडलो बी.कॉम. झालेले कारकून. वस्तीत कुणाचाही हिशेबाचा कागद आमच्या टेबलावरून जातो. पण नफ्याचा आकडा तपासण्याआधी माल तपासावा असे आम्ही ठरवले. माल कुणाच्या तरी गालावर चालायचा आहे. तो गाल आमचा का असू नये?

त्याप्रमाणे आम्ही चार वड्या जमवल्या. मोगऱ्याची वडी गटाची. खस आणि चंदन या दोन एका स्नेह्याने पुण्याहून आणून दिल्या. लिंबू-पुदिन्याची एका प्रदर्शनात घेतली. तुलनेला आमची नेहमीची ट्यूब ठेवली. प्रत्येकीने दहा दिवस दाढी करायची असे ठरले, त्यातले पाच दिवस बोअरच्या पाण्याने आणि पाच दिवस फिल्टरच्या जारच्या पाण्याने. ब्रश एकच, वाटी एकच, दर पाच दिवसांनी नवे पाते. सुरुवातीला आणि शेवटी वडीचे वजन ओळखीच्या सराफाच्या काट्यावर केले. सराफ हसले, पण वजन बिनचूक दिले.

पाण्याचा भेद मुद्दाम केला. माढ्याकडे उजनीचे पाणी आले, ऊस वाढला, तरी पुष्कळ घरांत वापराचे पाणी अजून बोअरचेच आहे आणि ते जड आहे. पाणी तापवण्याच्या रॉडवर पांढरा थर बसतो तो याच जडपणाचा. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबण त्यांच्याशी संयोग पावून चिकट गाळ होतो आणि फेसाला उरत नाही. पुण्यात जी वडी भरपूर फेस देते ती आमच्याकडे रुसून बसते, याचे कारण हे आहे.

आता निकाल सांगतो. मोगऱ्याच्या वडीचा वास सर्वांत मोठा. घरच्या मंडळींनी विचारले, “आज कुठे लग्नाला निघालात काय?” पण फेस मोठ्या मोठ्या बुडबुड्यांचा. उजवा गाल होईपर्यंत डावा कोरडा पडे. बोअरच्या पाण्यात तर वाटीच्या कडेला गाळाची रेघ आणि गालावर नुसते बुळबुळीत पाणी. पाते ओढू लागले आणि हनुवटीखाली दोनदा रक्त आले.

लिंबू-पुदिना लावताच गारवा सुखाचा वाटला. उन्हाळ्यात तो कुणालाही आवडेल. फेसही मध्यम बरा होता. पण तिसऱ्या दिवशी मानेवर लाल पुरळ उठले, म्हणून तो प्रयोग तिथेच थांबवला. सुगंधी तेल नैसर्गिक असले म्हणजे ते कातडीला मानवतेच असे नाही.

चंदनाच्या वडीचा फेस दाट, रेझर सरळ गेला, वास मंद आणि दुपारपर्यंत टिकणारा. परंतु डबीवर बारीक अक्षरात ‘चंदन सुगंध’ असे होते, ‘चंदन तेल’ असे नव्हते. खऱ्या चंदन तेलाचा भाव पाहता त्या किमतीत ते असणे शक्यही नाही.

खसाची वडी दिसायला सर्वांत साधी, मळकट पिवळी. वास पहिल्या पावसाच्या मातीसारखा, तोही हलका. पण फेस काय सांगावा! दह्यावरच्या सायीसारखा दाट, बारीक, ब्रश उलटा केला तरी न पडणारा. दोन्ही गाल, हनुवटी, मान होईपर्यंत जागच्या जागी राहिला. बोअरच्या पाण्यात ब्रश दुप्पट वेळ फिरवावा लागला, पण फेस उभा राहिला. तिच्या कागदावर घटकांची नावे सरळ छापली होती : खोबरेल, एरंडेल, कोकमाच्या बियांचे तेल, कॉस्टिक पोटॅश, कॉस्टिक सोडा, खसाचे तेल.

हा फरक का पडला, ते गटाच्या भगिनींसाठी आणि इतर वाचकांसाठी थोडे उलगडून सांगतो. तेल किंवा चरबी आणि अल्कली यांचा संयोग झाला की साबण आणि ग्लिसरीन तयार होते. अल्कली कॉस्टिक सोडा असेल तर वडी कडक होते. कॉस्टिक पोटॅश असेल तर साबण मऊ होतो आणि पाण्यात लवकर विरघळतो. अंगाच्या साबणात सोडा पुरतो. दाढीच्या साबणात पोटॅशचा वाटा मोठा लागतो, तेव्हा कुठे ब्रशला साबण भरभर लागतो. तेलाचेही तसेच. खोबरेलाने फेस पटकन येतो, जड पाण्यातही येतो, पण तो लवकर बसतो आणि खोबरेल जास्त झाले तर कातडी कोरडी पडते. एरंडेलाने फेस चिकट आणि निसरडा होतो. फेस टिकवून धरण्याचे काम स्टिअरिक ॲसिड करते. पूर्वी ते जनावराच्या चरबीतून मिळे. आपल्या कोकणातल्या कोकमाच्या बियांतून जे घट्ट तेल निघते, ज्याला तिकडे मुठेल म्हणतात आणि जे भेगाळलेल्या टाचांना लावतात, त्यात हे ॲसिड निम्म्याच्या वर असते. दाढीच्या साबणाला याहून चांगली देशी वस्तू शोधून सापडणार नाही.

मोगऱ्याच्या वडीचे काय झाले, तेही यावरून कळते. प्रशिक्षणात गटाला बाजारातला तयार साबणाचा गठ्ठा आणून तो वितळवायला, रंग-वास घालायला आणि साच्यात ओतायला शिकवले होते. तो अंगाच्या साबणाचा गठ्ठा होता. त्यात मोगरा ओतला म्हणून तो दाढीचा साबण होत नाही. आणि तो वासही मोगऱ्याचा नव्हता. मोगऱ्याच्या फुलांचा अर्क वाफेने नीट निघत नाही. पूर्वी तिळावर फुले पसरून त्यांचा वास तिळात मुरवीत आणि मग ते तीळ घाण्यात घालून फुलेल काढीत. आज अर्क द्रावकाने काढतात आणि तो फार महाग पडतो. स्वस्त साबणात मोगऱ्याचा वास येतो तो कारखान्यातल्या मिश्रणाचा. त्यात पाप काही नाही, मात्र वेष्टनावर ‘शुद्ध मोगरा’ असे लिहिणे खोटे होईल.

आता आमच्या धंद्याचा भाग, म्हणजे हिशेब. खसाची १०० ग्रॅमची वडी ३०० रुपयांची. दहा दाढ्यांत ती ८ ग्रॅम झिजली, म्हणजे एका दाढीला ०.८ ग्रॅम. एका वडीत सव्वाशे दाढ्या, प्रत्येकी खर्च २ रुपये ४० पैसे. ट्यूब ७० ग्रॅमची ७० रुपयांना. दहा दाढ्यांना १२ ग्रॅम गेली, प्रत्येकी १ रुपया २० पैसे. म्हणजे दुकानात चौपट वाटणारी वडी वापरात दुप्पट पडते. एक दिवसाआड दाढी करणाऱ्याला ती आठ महिने पुरते आणि महिन्याचा फरक अठरा-वीस रुपयांचा राहतो. ज्याला परवडते त्याने ही हौस जरूर करावी. ज्याला परवडत नाही त्याचे ट्यूबने काही बिघडत नाही. चेहऱ्याची प्रतिष्ठा डबीच्या किमतीवर नाही.

गटाच्या भगिनींना आम्ही जे सांगितले ते असे. या धंद्यात आज कर्ज घालू नका, पण धंदा सोडूही नका. आधी थोड्या भांडवलात पाच-दहा वड्यांचे घाणे काढून आपल्या बोअरच्या पाण्यात उभा राहणारा फेस साधा. बिनवासाची वडी चांगली झाली तरच तिच्यात वास घाला. चेहऱ्याच्या साबणात शंभराला एक भाग सुगंध पुष्कळ झाला. जड पाण्यासाठी थोडे लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड वापरता येते. ते क्षारांना धरून ठेवते आणि साबणाला मोकळे सोडते. मात्र ते काही अल्कली खाते, तेवढी आधी हिशेबात वाढवावी लागते. आपल्या भागात करडई मुबलक, म्हणून करडईचे तेल भरपूर घालण्याचा मोह होईल. त्याने वडी मऊ राहते आणि खवट वास लवकर धरते.

कॉस्टिकचे काम खेळ नव्हे. कॉस्टिक पाण्यात थोडे थोडे सोडावे, कॉस्टिकवर पाणी कधीही ओतू नये, ते उसळून अंगावर येते. भांडे स्टीलचे घ्यावे, ॲल्युमिनियमचे कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच. मुले आसपास नकोत. अंगावर उडाले तर लगेच वाहत्या पाण्याखाली धरावे आणि दवाखाना गाठावा. थंड पद्धतीने केलेली वडी चार ते सहा आठवडे हवेशीर जागी सुकू द्यावी लागते. हे दीड महिन्याचे अडकलेले भांडवल कर्जाच्या कागदात कुठे दाखवलेले नव्हते, तेही आम्ही त्यांना दाखवून दिले.

विक्रीला निघताना कायद्याची पायरी आहे. साबण हे सौंदर्यप्रसाधनात मोडते आणि २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे उत्पादनाला राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. वेष्टनावर घटक, वजन, बॅच क्रमांक, पत्ता आणि मुदत छापावी लागते. भांडवलासाठी २००८ साली सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात अनुसूचित जातींच्या आणि महिलांच्या ग्रामीण उद्योगाला ३५ टक्के अनुदान आणि स्वतःचा वाटा फक्त ५ टक्के अशी तरतूद केली गेली. अर्ज करण्यापूर्वी चालू अटी सोलापूरच्या जिल्हा उद्योग केंद्रात स्वतः जाऊन विचाराव्यात. मध्यस्थाला पैसे देऊन विचारू नयेत.

भगिनींपैकी एकीने आम्हांला विचारले, “दादा, पुरुषांच्या दाढीत बायकांनी हात घालायचा, हे लोकांना चालेल का?” आम्ही त्यांना बाबासाहेबांच्या थोरल्या बहिणीची आठवण करून दिली. जिथे गावाचा हात मागे गेला तिथे बहिणीचा हात पुढे आला. आज तो हात साबण बनवून त्याचे चार पैसे मिळवणार असेल, तर लाजायचे कुणी?

शेवटी वापरणाऱ्यांसाठी चार गोष्टी. साबण कोणताही असो, दाढीआधी दोन-तीन मिनिटे गरम पाण्याने चेहरा भिजवा. भिजलेला केस कापायला कोरड्यापेक्षा पुष्कळ कमी जोर लागतो. बोअरचे पाणी जड असेल तर फेस काढण्यापुरते वाटीभर जारचे पाणी घ्या, एवढ्यानेच फरक दिसेल. नवा सुगंधी साबण आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस पाहा. पाते केसांच्या दिशेने चालवा. ज्यांची दाढी कुरळी आहे त्यांनी उलट घोटली तर केस आत वळतात आणि फोड येतात.

आणि सर्वांत महत्त्वाचे. पाते, रेझर आणि तुरटीचा खडा प्रत्येकाचा वेगळा असावा. कावीळ ‘ब’ चा विषाणू रक्ताच्या न दिसणाऱ्या थेंबातून पसरतो आणि बाप-लेकांत, भावाभावांत एकच रेझर चालवणे धोक्याचे आहे. सलूनमध्ये बसलात तर नवे पाते डोळ्यांदेखत लावायला सांगा. चांगला कारागीर त्याचा राग धरीत नाही. ज्यांच्या घरी मुलाला मिसरूड फुटू लागले आहे, त्या वडिलांनी त्याला स्वतःजवळ बोलवावे, त्याचा स्वतंत्र रेझर त्याच्या हातात द्यावा आणि पहिला फेस कसा काढायचा ते शांतपणे दाखवावे. पोर हे कुठून तरी शिकणारच आहे. ते घरी शिकलेले बरे.